सादी गोळी

जयवंताच्या हातानं निम्मं गाव जन्माला आलं होतं, पण तिच्या हातचं पाणी मात्र महार वस्तीबाहेर कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. सिंदी रेल्वेपासून कोसभर आत असलेल्या हिवरा गावात ती सुईण होती. कुणब्याचं घर असो की तेल्याचं, कळा सुरू झाल्या की माणूस धापा टाकत वस्तीत यायचा, आणि बाळंतीण मोकळी झाली की तीच माणसं जयवंताला मागच्या दारानं वाटेला लावायची. याचं वाईट वाटून घेण्याचे दिवस तिनं केव्हाच मागे टाकले होते. आवाज खणखणीत, चाल पुरुषासारखी, आणि तोंडाची मोठी फटकळ. पण कुणाच्या घरात काय पाहिलं ते या फटकळ तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. कुणाच्या सुनेच्या पाठीवर वळ आहेत, कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, सगळं जयवंताच्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. बाया तिच्यापाशी मन मोकळं करायच्या ते म्हणूनच.

चौपन्न साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, गावात एक जीप आली. दूरच्या एका मेडिकल कॉलेजातले डॉक्टर कृष्णकांत घाटे महारोगावर संशोधन करत होते. सिंदी स्टेशनाजवळ खोली भाड्यानं घेऊन त्यांच्या विभागानं दवाखाना मांडला होता. पण दवाखान्यात कुत्रंही फिरकेना, म्हणून डॉक्टर स्वतःच खेड्यांत उतरले होते. तिथंही तीच गत. जीपचा धुरळा दिसला की बाया कपाशीच्या पऱ्हाटीत शिरायच्या आणि म्हातारे घराची कडी लावून घ्यायचे. त्या दिवशीही डॉक्टर पारावर बसून बसून कंटाळले होते. जयवंता एका घरून बाळंतिणीचं न्हाणं उरकून परत चालली होती. रिकाम्या पारावर साहेबी कपड्यातला एकटा माणूस पाहून तिला राहवलं नाही.

"काऊन जी, कोनी आलं नाई?"

"नाही. लोक घाबरतात का हो?"

"घाबरतीन नाई तं काय! जीप पाह्यली का लोकायले वाटते, रोग्याले धरून नेतेत अन् कुठी तरी टाकून देतेत. अन् तुमी बायकायच्या पाठी तपासाले पारावर बसले! कोन्ती बाई इथं पदर काढीन?"

बरोबरचा ड्रायव्हर खेकसणार होता, पण डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं. ते हसले. "मग तुम्हीच सांगा, कसं करायचं?"

त्या 'तुम्ही'नं जयवंताला जिंकलं. उभ्या जन्मात कुण्या पांढरपेशा माणसानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

विभागानं तिला आया म्हणून ठेवलं. झाडलोट आणि पाणी भरणं ही आयाची कामं तिच्या वाट्याला होतीच, पण खरं काम वेगळंच होतं. ती घराघरात मागच्या दारानं जायची, चुलीपाशी बसायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मग बाईला म्हणायची, "डोये मिट. मी पीस लावतो. जिथं लागलं तिथं बोट ठेव." कोंबडीचं पीस पाठीवरून, दंडावरून, पोटरीवरून फिरायचं. जिथं बाईचं बोट जायचं नाही, तिथं चट्टा बधिर आहे हे जयवंताला समजायचं. डॉक्टरांनी तिला ते एका दुपारीच शिकवलं होतं. बाईला सिंदीला आणणं मात्र कुणी शिकवून येणारं नव्हतं. एखादीला बाजाराचं निमित्त काढून आणायचं, एखादीच्या नवऱ्याला आधी गाठायचं, एखादीच्या सासूच्या गुडघ्यांना तेल चोळत चोळत तिला वळवायचं.

वर्षभरात सिंदीची खोली भरून वाहू लागली. हिवऱ्याचे, केळझराकडचे, पार समुद्रपूरच्या वाटेवरच्या खेड्यांतले लोक यायला लागले. कंपाउंडर मोतीलाल म्हणायचा, "बाई, तुम आई और दुकान चल पडी. पैले मी इथं माश्या मारत होतो." डॉक्टरांच्या कॉलेजात त्यांचा विभाग सगळ्यांत मागे पडलेला समजला जायचा. आता वरची माणसं तो पाहायला येऊ लागली. पाहुणे आले की डॉक्टर जयवंताला बोलावून घ्यायचे, खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "माझा अर्धा विभाग म्हणजे ही बाई." जयवंता खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकायची. घरी गेल्यावर नवऱ्याला, नत्थूला, ती हे पुन्हा पुन्हा सांगायची. कापसाच्या जिनात रुई दाबून थकलेला नत्थू डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "अर्धा तं अर्धा. पुरा तं नाई म्हनला ना?"

डॉक्टर आता नव्या कामाला लागले होते. एखाददुसराच चट्टा असलेले, नुकता रोग लागलेले लोक त्यांना हवे होते. अशा प्रत्येकाला गोळ्यांची बाटली मिळायची. काही बाटल्यांची झाकणं तांबडी, काहींची पांढरी. कुणाला कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवायचे, मोतीलाल भरून द्यायचा आणि जयवंता घरोघरी पोचवायची. दोन्हींतल्या गोळ्या दिसायला सारख्याच होत्या. तिनं एकदा विचारलं होतं, "हे तांबडं अन् पांढरं काऊन जी?"

"तो माझा हिशेब आहे, जयवंताबाई. गोळी कुणी चुकवू नये, तेवढं तुम्ही पाहा."

जयवंतानं ते मनावर घेतलं. रोगाच्या जोरानुसार गोळीही कमी-जास्त जोराची असेल, असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं. घरोघरी ती सांगायची, "ही गोळी खाल्ली का चट्टा जाते. माह्या शब्दावर खा."

तिच्या घराला लागूनच सीताबाईचं घर होतं. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, दोघी एकाच वर्षी या वस्तीत नांदायला आल्या. सीताबाईचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिच्या तोंडात पहिला घास जयवंतानं घातला होता. सीताबाईची कांता जयवंताच्याच हातावर जन्मली. पोरगी उजळ, चुणचुणीत, शाळेत चौथी झालेली. एक दिवस कांताच्या कोपराजवळ जयवंताला फिकट चट्टा दिसला. तिनं पीस काढलं. कांताचं बोट चट्ट्यावर गेलं नाही.

सीताबाईनं आधी कबूलच केलं नाही. "सुरमं हाय ते, साधं शिबं. तोंडात शब्द काढू नको जयवंते, पोट्टीले कोन करीन?" तिनं केळझरच्या वाटेवरच्या भगताकडून मंतरलेला गंडा आणून पोरीच्या दंडाला बांधला. जयवंता रोज जाऊन भांडली, रडली, पाया पडली. शेवटी म्हणाली, "सीता, म्या तुले कवा फसवलं काय? सिंदीले चाल. कोनाले समजनार नाई. गोळी खाईन अन् पोट्टी लगनापर्यंत साफ होईन. माह्या गळ्याची आन."

सीताबाई आली. डॉक्टरांनी कांताला तपासलं, कानाच्या पाळीला बारीक चिरा देऊन काचेवर नमुना घेतला आणि मोतीलालला खूण केली. कांताला पांढऱ्या झाकणाची बाटली मिळाली.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला सगळी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली. सिंदी स्टेशनावर पांढरी लुगडी नेसलेल्या बायांची अशी दाटी झाली की गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जयवंता आणि सीताबाईनं एका फडक्यातली भाकर वाटून खाल्ली, एका तांब्यातलं पाणी प्यायलं. परत आल्यावर सीताबाईनं घरातला देव्हारा उतरवला. मग कांताला पुढ्यात बसवून तिच्या दंडावरचा गंडा विळ्यानं कापून चुलीत टाकला. जयवंता दारात उभी होती. तिच्याकडे पाहून सीताबाई म्हणाली, "आता देव नाई अन् भगत बी नाई. आता तुही गोळीच काय ते."

जयवंताला त्या वेळी छाती भरून आल्यासारखं झालं होतं.

पण चट्टा जाईना. गेला नाही तो नाहीच, उलट पसरला. दुसरा एक खांद्यावर उठला. दसऱ्याआधी, पाऊस सरतानाच कांताच्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या होत्या, हिवाळ्यात ती आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागली. भरडताना जात्याचा खुंटा हातातून सुटायचा. जयवंतानं डॉक्टरांना सांगितलं, "या पोट्टीले जरा जोराची गोळी द्या जी." डॉक्टरांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला, कोपराची शीर चाचपली, मापं घेतली. "चालू ठेवा," एवढंच म्हणाले. तिच्याकडे न पाहता म्हणाले, पण ते जयवंताच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

तिला वाटलं, पोरगी गोळी थुंकून टाकते. तांबड्या झाकणाच्या कितीतरी लोकांचे चट्टे मिटत आलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. मग हिचाच का जात नाही? एका सकाळी ती कांतावर धावूनच गेली. "खरं सांग, कुठं फेकतं गोळ्या? मोरीत टाकतं का राखुंड्यात?" कांता रडत शपथा घेऊ लागली. जयवंतानं तिच्या थोबाडीत मारली, जबडा धरून तोंड उघडायला लावलं, गोळी जिभेवर ठेवली आणि घोट गिळेपर्यंत तिचा गळा पाहत बसली. सीताबाई मध्ये पडली नाही. तीही लेकीवरच ओरडली, "मावशी तुह्या भल्यासाठीच करून राह्यली ना व!"

संक्रांतीनंतर मुंबईहून पाहुणे आले. त्यांत एक पिकल्या केसांचे मोठे डॉक्टर होते. रोग्यांना एका ओळीत उभं केलं होतं आणि जयवंता एकेकाला पुढे आणत होती. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. कांताची पाळी आली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचा वळलेला हात आपल्या हातात घेतला आणि तिथं उभ्या असलेल्या मोतीलाललाच हिंदीत विचारलं, "इस बच्ची को कौन सी दवा चल रही है?"

मोतीलालनं कांताच्या हातातल्या बाटलीचं झाकण पाहिलं. "ये तो सादी गोलीवाली है, सर."

म्हाताऱ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घाटे डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत काही विचारलं. घाटे डॉक्टर भराभर बोलू लागले. जयवंताला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण हिंदी तिला कळत होतं. सादी गोळी. तिनं कांताला पुढे सरकवलं, पुढच्या माणसाला आणलं, त्याच्या पुढच्याला आणलं. हात काम करत राहिले.

पाहुणे जेवायला गेल्यावर तिनं डॉक्टरांना खोलीत गाठलं. "सादी गोळी म्हंजे काय जी?"

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"म्हणजे औषध नसलेली," ते म्हणाले. "साखर आणि खडूची. जयवंताबाई, शांतपणे ऐका. एक-दोन चट्टे असलेल्या कितीतरी लोकांचा हा रोग काही न करता आपोआप बरा होतो. मग आपल्या गोळीनं कोण बरं झालं आणि आपोआप कोण झालं, हे कसं कळणार? त्यासाठी निम्म्यांना औषध द्यायचं आणि निम्म्यांना सादी गोळी. उद्या हजारो लोकांना याचा उपयोग होणार आहे."

"मले काऊन नाई सांगतलं?"

डॉक्टर खरं ते बोलले. "तुमचा चेहरा पाहून लोक गोळी घेतात. तुम्हाला माहीत असतं तर तो चेहरा तसा राहिला नसता."

जयवंताच्या कानात रुईचे बोळे कोंबल्यासारखं झालं. ती म्हणाली, "कांताचा आपोआप बरा नाई झाला."

"नाही झाला. दुर्दैवानं."

"तुमाले कवा समजलं?"

"पावसाळ्यात शंका आली होती."

पावसाळ्यात. म्हणजे त्यानंतर घरोघरी नेलेली प्रत्येक बाटली, पोरीचा आवळून धरलेला जबडा, ती थोबाडीत, सगळं या माणसाला ठाऊक झाल्यानंतरचं होतं. जयवंता म्हणाली, "आजपासून तिले खरी गोळी द्या."

"थोडे महिने थांबा. मध्येच बदललं तर सगळ्यांनी केलेलं काम पाण्यात जाईल. तुमचंही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आणि मी तुमच्याशी कधी खोटं बोललेलो नाही, हे लक्षात घ्या."

ते खरंच होतं. डॉक्टरांनी कधीही, कुणालाही, ही गोळी खाल्ली की चट्टा जातो असं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते जयवंतानं.

त्या दिवशी ती सिंदीहून पायी आली. नत्थूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चूप राह्य. तुले कुठं माहीत होतं? पन सीताबाई मानीन काय तुले माहीत नोतं म्हून? नोकरी जाईन अन् मैतरीन बी जाईन."

"अन् पोट्टीचा हात जाऊ देऊ?"

जयवंता तशीच उठून शेजारच्या घरात गेली. सीताबाई ज्वारी पाखडत होती. जयवंतानं काही आडपडदा ठेवला नाही, होतं तसं सांगितलं. सुपातली ज्वारी हळूहळू एका बाजूला ओघळून खाली सांडत राहिली. कांता आतल्या दारात येऊन उभी होती.

"खडू?" सीताबाई म्हणाली.

"साखर अन् खडू."

"म्या माह्या हातानं पोट्टीचा गंडा तोडला, जयवंते. तुह्या भरोशावर देव घराबाहीर काढले. अन् तू तिले खडू चारला?"

"मले माहीत नोतं व, सीता. माह्या गळ्याची आन..."

"आन घेऊ नको. तू आन घेतली का माह्यी पोट्टी लुली होते." सीताबाईचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "माहीत नोतं तं काऊन सांगत होती? खुर्चीवर बसाले भेटे म्हून? जाय आता. आमच्या घरात पाय ठेवजो नको."

दुसऱ्या दिवसापासून जयवंता घरोघरी फिरली. ज्यांना ज्यांना तिनं पांढऱ्या झाकणाची बाटली दिली होती, त्या सगळ्यांना तिनं तोंडानं खरं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लोटून घेतलं. एका म्हाताऱ्यानं बाटली तिच्या पायावर फेकली. हे सगळं सोसायची तिची तयारी होती. पण पुढे जे झालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तांबड्या झाकणाच्या लोकांनीही गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. ती त्यांच्या मागे धावली. "तुमची खरी हाय, तुमी खा! तुमचा चट्टा मिटून राह्यला ना?" लोक म्हणाले, "काल बी तू असंच सांगत होती." ज्यांचा रोग बरा होत आला होता त्यांचीही औषधं बंद पडली, आणि ती जयवंताच्या खरं बोलण्यानं पडली. डॉक्टरांनी फसवलं त्यापेक्षा हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तिच्याजवळ एकच वस्तू होती, तिचा शब्द; ती दुसऱ्यानं न विचारता वापरून संपवली होती, आणि आता गरजेला ती उरली नव्हती.

सिंदीला ती पुन्हा कामावर गेली नाही. विभागानं तिच्या जागी शरयूताई नावाची शिकलेली नर्स पाठवली. स्वच्छ पांढरी साडी, बोलायला गोड, कामात चोख. पण हिवऱ्यात तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आजूबाजूच्या खेड्यांतही तेच. ती यायची, बंद दारांसमोरून फिरायची आणि बसनं परत जायची. सिंदीच्या खोलीत मोतीलाल पुन्हा माश्या मारू लागला. खोलीतली काचेची नळकांडी, सूक्ष्मदर्शक, मुंबईहून मिळालेली मदत, सगळं जागच्या जागी होतं. पण रोगी एकही येईना. डॉक्टरांचं दोन-अडीच वर्षांचं काम अर्ध्यात अडकलं.

उन्हाळा लागता लागता डॉक्टर स्वतः जयवंताच्या दारी आले. बाजेवर बसले, तिनं दिलेलं पाणी प्यायले. इतर कुणी पांढरपेशा प्यायला नसता, हे तिला त्याही वेळी जाणवलं आणि त्यानं तिचा राग आणखी वाढला. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही परत या," डॉक्टर म्हणाले. "मी सगळ्यांना खरी गोळी सुरू करतो. कांताला आजच. माझा शब्द देतो."

"तुमचा शब्द मी घरोघर वाटून टाकला जी. माह्या शब्दात गुंडाळून वाटला. आता तुमच्यापाशी बी नाई अन् माह्यापाशी बी नाई."

"मी चुकलो असेन. पण हेतू..."

"तुमच्या लेकीले दिली असती का सादी गोळी?"

डॉक्टरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग ते उठले. जाताना गोळ्यांच्या बाटल्या ठेवून गेले, तांबड्या झाकणाच्या. जयवंतानं त्यांतली एक उचलून सीताबाईच्या दारात ठेवली. संध्याकाळी ती गटारीत पडलेली दिसली.

पावसाळ्याआधी सिंदीची खोली बंद झाली. डॉक्टर घाटे मोठ्या जागेवर बदलून गेल्याचं मोतीलालनं सांगितलं. तोही गावी निघाला होता. "बाई, मला वाटायचं तुला माहीत आहे," तो म्हणाला.

वर्ध्याकडे महारोग्यांचा एक दवाखाना चालतो, हे तिला ठाऊक होतं. कांताला तिथं न्यावं तर सीताबाई ऐकणार नव्हती. शेवटी कांताच एका सकाळी जयवंताच्या मागे येऊन उभी राहिली. "मावशी, मले घिऊन चाला. मायले मी सांगतलं नाई."

दोघी बसनं गेल्या. अर्धी वाट कांता खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "तुमाले माहीत नोतं, हे मले माहीत हाय." जयवंताचे डोळे भरून आले. कांता तिच्याकडे न पाहताच पुढे म्हणाली, "पन म्या शपथ घेतली तवा तुमी माह्यावर भरोसा नाई ठेवला. तुमी मले मारलं."

जयवंता बसच्या दांड्याला घट्ट धरून बसून राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरानं गोळ्या काढल्यावर जयवंतानं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "ह्या खऱ्या हायेत काय?" डॉक्टर तरुण होता, चिडला. "म्हणजे काय? खऱ्या नसतील तर कशाला देऊ?" जयवंता हटली नाही. "नाई, तुमी तोंडानं सांगा." त्यानं सांगितलं. कांतानं ऐकलं आणि मग बाटली घेतली.

पुढच्या वर्षी कांताचे चट्टे विझले. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. तिला पाहायला येणारे हात पाहून परत जायचे. मग तिनंच पाहुण्यांसमोर बसायचं सोडून दिलं आणि वर्ध्याच्या त्याच दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या कामाला लागली. महिन्यातून एकदा गावी यायची, आईसाठी काही घेऊन यायची, जयवंताच्या दारावरून जाताना थांबून "मावशी, बऱ्या हाय ना?" म्हणायची. बसायची मात्र नाही. सीताबाईनं तर दोन घरांच्या मधे तुराट्यांचा कूड घातला. तो दरवर्षी नव्यानं बांधायचा नेम तिनं चुकवला नाही.

एकोणसाठ साली क्षयाची तपासणी करून लस टोचणारं एक पथक हिवऱ्यात आलं. सरपंचानं जुन्या आठवणीनं त्यांना सरळ जयवंताकडे पाठवलं. पथकाचा प्रमुख म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितलं तर बायका येतात म्हणे. जरा फिरा ना आमच्यासोबत." जयवंता त्यांना पारावर घेऊन गेली. तिथं दवंडी ऐकून बऱ्याच बाया जमल्या होत्या. ती म्हणाली, "माह्या कानात सांगू नका जी. काय टोचनार, कायले टोचनार, कोनाले देनार अन् कोनाले नाई देनार, ते इथं सगळ्यायच्या समोर सांगा. कोनाले काही विचारायचं असन तं विचारू द्या."

प्रमुखानं घड्याळ पाहिलं, पण सांगितलं. एकीनं विचारलं, दुसरीनं विचारलं. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सीताबाईनं विचारलं, "अन् खोटं निंघालं तं तुमी कुठं भेटसान?" प्रमुखानं आपल्या कचेरीचं गाव सांगितलं. मग सगळ्यांनी जयवंताकडे पाहिलं.

"मले काऊन पाहता?" जयवंता म्हणाली. "जे म्या ऐकलं ते तुमी बी ऐकलं. ज्यानं त्यानं ठरवा."

काही बाया पुढे झाल्या, काही घरी गेल्या. सीताबाई जराशी घुटमळली, मग बाही वर करत रांगेत जाऊन उभी राहिली. जयवंताकडे तिनं पाहिलं नाही. जयवंता पाराच्या कडेवरच बसून राहिली. पथकाचे गडी बायांची रांग लावत होते, कुणाचं लेकरू रडत होतं. रांगेतून कुणीतरी तिला हाक मारली, "जयवंते, तुहा नंबर कवा?" तेव्हा ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.